मळीत पडलेलं गिधाड

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी माळशिरस तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत काढलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कॅनॉलला पाणी होतं, ऊस दांडगा आला होता आणि हंगाम जोरात होता. आमचे हे कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट. मी अक्कलकोटची, बी.ए. झालेली, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलणारी. कॉलनीत ओळखीचं कुणी नव्हतं. यांची पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि ते दिवसा झोपले की घरात भांडं वाजवायची सोय नसे. मग मी गच्चीवर जायची.

गच्चीवरून गाडीतळ दिसायचा. उसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या, बैल उसाच्या शेंड्यांचे वाढे चघळत बसलेले, गाडीवानांच्या चुलींचा धूर. हंगामात एखादा बैल दगावायचाच. मेलेलं जनावर कारखान्याच्या मागच्या माळावर नेऊन टाकत. तेव्हा आकाशात काहीसुद्धा नसायचं. मग एक ठिपका दिसायचा, आणि मी मिरच्या उलट्या करून परत वर बघेपर्यंत दहा-वीस गिधाडं गोल गोल उतरायला लागलेली असायची. त्या काळी गिधाडं इतकी होती की कुणी मान वर करून बघत नसे. मी मात्र बघायची. कॅनॉलवरच्या वडाच्या शेंड्यांवर ती रात्रीची वस्तीला असत. सकाळी पंख पसरून ऊन खात बसत आणि माती तापल्याशिवाय हलत नसत. एकदा निघाली की पंख न हलवता अशी वर चढत, की मला माझ्याच पोटात हलकं हलकं वाटायचं.

फेब्रुवारीतली दुपार होती. माझ्या सासूबाई अक्कलकोटजवळच्या गावाहून आठवड्यापूर्वी राहायला आल्या होत्या. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. अत्ती खाली जोंधळे निवडत होत्या आणि मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. माळावर सकाळीच एक बैल टाकलेला होता, त्याच्यावर गिधाडांची दाटी होती. तेवढ्यात गाडीतळावरची कुत्री त्यांच्यावर धावून गेली. बाकीची कशीबशी उडाली. एक मात्र खाऊन इतकं जड झालं होतं की त्याला उठताच येईना. पंख अर्धे उघडून ते पळत सुटलं, थेट कारखान्याच्या कुंपणाकडं. आणि माझ्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं.

तिथं मळीचा खड्डा होता. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा, दाट पाक. त्या साली टाकी भरून गेली म्हणून जमिनीत कच्चा खड्डा खणून त्यात जादाची मळी सोडली होती. वरून वाळून साय धरलेली, माती पडून जमिनीसारखीच दिसणारी. त्याला ती जमीन वाटली असणार.

मी जिना उतरले ते पळतच. अत्तींनी विचारलं, "काय झालं गं, यव्वा?" पोरी म्हणायचं तिथं त्या यव्वा म्हणत. मी उत्तर दिलं की नाही तेही आठवत नाही. एवढंच आठवतं, की अत्ती आल्यापासून आठवडाभर डोक्यावरून न हललेला माझा पदर रस्त्यातच खांद्यावर आला होता.

खड्ड्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. मधोमध एक काळा गोळा हलत होता. चोच तेवढी वर, आणि डोळे. पंख उचलायला जायचं की मळीच्या तारा लोंबायच्या आणि त्याला पुन्हा खाली ओढायच्या.

"मरतंय आता. चला कामाला," कुणीतरी म्हणालं.

"बांबू घाला ना कुणीतरी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. माणसं वळून बघायला लागली. केमिस्टसाहेबांची बायको, इथं कशी?

एक गाडीवान पुढं आला. मेलेला बैल त्याचाच होता, हे मला नंतर कळलं. तो म्हणाला, "बाई, माझाच बैल खाऊन पडलंय की हे."

 

त्यानं पटका सोडून कंबरेला बांधला आणि गाडीचा जाड नाडा काढून त्याला फास केला. "त्याचं काम त्यानं केलंय, त्याचा काय गुन्हा न्हाय," असं म्हणून तो काठावर पालथा झोपला. दुसऱ्यानं त्याचे पाय धरले. दोनदा फास हुकला. तिसऱ्यांदा एका पंखात आणि मानेखाली बसला, आणि त्यांनी ओढायला सुरुवात केली. पिसं मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मग एकदम सुटल्यासारखं झालं आणि ते गिधाड मळीचा पट्टा काढत काठावर आलं.

"लांब थांबा, ते वकतंय," गाडीवान म्हणाला, आणि खरंच त्यानं पोटातलं सगळं भडाभडा बाहेर टाकलं. वास असा, की निम्मी माणसं पांगली.

"आता काय करू याचं?"

"आमच्या परसात आणा," मी म्हणाले.

गाडीवानानं माझ्याकडं नीट बघितलं. हसला नाही. बारदान आणलं, त्यात त्याला गुंडाळलं, चोच मुठीत धरली आणि माझ्यामागं निघाला.

आमचं घर लिंगायतांचं. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. अत्ती मागच्या दारात उभ्या होत्या. बारदान उघडल्यावर त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि पदर नाकाला लावला.

"शिवा शिवा. रणहद्दु?" गिधाडाला कानडीत रणहद्दु म्हणतात. "ह्ये घरात आणायचं पाखरू हाय व्हय, यव्वा?"

"घरात नाही अत्ती, परसात."

"परस काय घराच्या भाईर असतंय?"

तेवढ्यात आमचे हे पाळीवरून आले. आवाज ऐकून सायकलसकट मागं आले आणि तिथंच थांबले.

"हे काय?"

"गिधाड."

"ते दिसतंय." ते वाकून बघायला लागले. मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांनी बोटावर मळी घेतली, दोन बोटांत चोळली आणि लॅबोरेटरीतल्या आवाजात म्हणाले, "काही अवघड नाही. मळी म्हणजे शेवटी साखरच. कोमट पाण्यात विरघळते. साबण, सोडा काही लावायचं नाही, पिसांचं तेल निघून जाईल. बंब पेटव."

मी बंबात पाणी तापवलं. यांनी बारदानासकट गिधाड धुण्याच्या दगडावर धरलं. मी तांब्यानं पाणी ओतायला लागले. पाणी वरच्यावर ओघळून जायचं आणि मळी तिथल्या तिथंच. तीन घंगाळी संपली तरी ते काळंच. त्यात त्यानं मान झटकून उरलेलं सगळं यांच्या पँटवर ओकलं.

अत्ती उंबऱ्यावरून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"असं ओतून काय हुतंय? म्हशीला घालत्यात असलं पाणी." त्यांनी नऊवारीचा ओचा वर खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि दगडापाशी येऊन बसल्या. "तू मुंडकं धर रे. चोच माझ्याकडं करू नगं."

अत्तींना चार मुली. चौघींचे गुडघ्यापर्यंतचे केस त्यांनी वर्षानुवर्षं न्हाऊ घातलेले. त्यांनी तशीच सुरुवात केली. एकेक पीस दोन बोटांत धरायचं, मुळाशी कोमट पाणी सोडायचं आणि टोकापर्यंत निपटत न्यायचं. पाणी चहासारखं लाल होऊन वाहायला लागलं. मी तांब्यामागून तांब्या देत होते. तोंडानं त्यांचं कानडीत चालूच होतं, लहान पोराला समजावावं तसं, थोडं रागानं, थोडं मायेनं. गिधाड फुसकारत होतं. हळूहळू तेही थांबलं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या फिटरच्या बायकोनं भिंतीवरून डोकावून बघितलं. ती सोलापूर शहरातली, मी तिला आपा म्हणायची.

"क्या जी, किसका न्हान चालू है?" आणि मग दिसल्यावर, "अल्ला. ये तो गिद है."

 मग तिनं नेमका तो प्रश्न विचारला, जो आमच्या तिघांच्याही डोक्यात आला नव्हता. "तुम लोगां गोश खाते नहीं. इसको क्या खिलाते? भाकरी?"

आपा, हे आणि मी अत्तींकडं बघायला लागलो. अत्तींनी एक पीस धुऊन संपवलं, दुसरं हातात घेतलं.

"शिवानंच त्याला तसलं पोट दिलंय," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, आण. पर मागल्या दारानं."

त्या संध्याकाळी त्यानं काही खाल्लं नाही. जळणाच्या खोलीत ते मान आत ओढून बसलं होतं. पाठ अजून चिकट होती, पण अंधार पडायला लागला म्हणून आम्ही थांबलो होतो.

सकाळी मी दार उघडलं आणि ओरडलेच. भिंतीवरून, दारातून, फटीफटीतून मुंग्यांच्या रांगा. लाल मुंग्या आणि मोठे मुंगळे. गिधाडाच्या अंगावर मुंग्यांची चादर हलत होती, डोळ्यांच्या कडांपर्यंत. ते चोचीनं स्वतःचंच अंग ओरबाडत होतं.

"अत्ती, बंब."

मी एवढंच म्हणाले, आणि त्या आंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेला बंब तसाच ओढत घेऊन आल्या. पूजा राहिली, चहा राहिला. आपाही भिंतीवरून उडी मारून आली. ती बादलीत बुडवलेल्या फडक्यानं मुंग्या झाडत होती, मी डोकं धरलं होतं आणि अत्ती धूत होत्या. मुंग्या आमच्या हातांवर चढल्या, पोलक्यात गेल्या. हात खाजवायलासुद्धा कुणी सोडत नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत आपा आणि अत्ती एकमेकींशी धड बोललेल्या नव्हत्या. आता एक कानडी-मराठीत हुकूम सोडत होती, दुसरी दखनीत "हो जी, हो जी" करत होती, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं.

शेवटच्या घंगाळ्यातून पाणी निघालं ते जवळजवळ स्वच्छ होतं. आम्ही हात सोडले. ते चार पावलं चाललं, थांबलं आणि सगळं अंग झटकलं. मग सूर्याकडं पाठ करून त्यानं पंख उघडले.

मी ते लांबून पुष्कळदा बघितलं होतं. हाताच्या अंतरावरून कधीच नाही. एक पंख धुण्याच्या दगडाला टेकला, दुसरा पार पेरूच्या झाडाला. आणि पंखांच्या मधोमध, इतका वेळ काळ्या मळीखाली झाकलेली त्याची पाठ, धुतलेल्या धोतरासारखी पांढरी. आम्ही तिघी हलायचं विसरलो. अत्तींनी हळूच हात जोडले. आपा पुटपुटली, "कित्ता बडा है, मां."

पण त्याच वेळी मला दुसरंही दिसलं. उजव्या पंखाची टोकाकडची तीन-चार पिसं मोडून गेली होती. तिथं खिंडार पडल्यासारखी मोकळी जागा होती.

दुसऱ्या दिवसापासून ते खायला लागलं. आपा बाजारातून फुफ्फुसं, आतडी झाकून आणायची. मागच्या दारानं यायची आणि एक तुकडा जरी इकडंतिकडं पडला तरी स्वतः पुसून घ्यायची. अत्ती तेवढा वेळ आत बसत. मात्र ती गेली की विचारत, "खाल्लं का गं? किती खाल्लं?" आणि खाल्लं म्हटल्यावरच स्वतः जेवायला बसत.

कॉलनीतल्या एकदोघी म्हणून गेल्या, गिधाड म्हणजे मरणाचं पाखरू, दारात बरं नाही. अत्तींनी त्यांना गूळ-शेंगा दिल्या आणि सांगितलं, "ते मेलेलंच खातंय, बाई. जित्याला न्हाय तरास देत. माणसाचं तसं हाय का?" त्या पुन्हा आल्या नाहीत.

चार-पाच दिवसांनी यांना सुट्टी होती. सकाळी लवकर, थंड वेळेला, आम्ही त्याला माळावर नेऊन सोडलं. ते पळालं, पंख मारले, पुन्हा पळालं. फूटभर उठून खाली बसलं. कुत्री दिसायला लागली तशी आम्हीच धावत जाऊन त्याला बारदानात घेतलं.  दारात आल्यावर हे म्हणाले, "पिसं नाहीत गं. वारा त्या भोकातून निसटून जाणार. नवी पिसं यायला किती दिवस लागतील, कुणाला माहीत."

मला ते पटलं नाही. दुपारभर मी गच्चीवर बसले आणि वडावरच्या गिधाडांकडं बघत राहिले. मग खाली आले आणि यांना उठवलंच.

"ऐका ना. ती जमिनीवरून उठतच नाहीत. शेंड्यावरून निघतात. आणि सकाळी निघतच नाहीत, ऊन तापल्यावर निघतात. आपण भलत्या वेळी भलत्या जागेवरून सोडलं."

ते उठून बसले. "गरम हवा वर जाते," असं म्हणाले आणि डोळे चोळता चोळता एकदम थांबले. "अगं, मग बॉयलरजवळच नेऊ की."

कारखान्याच्या बॉयलरमागं भुश्शाचा ढीग होता. ऊस पिळून उरलेला चोथा, हंगामभर साठून दुमजली घराएवढा झालेला. त्याच्या पलीकडं बॉयलर आणि चिमणी, वरची हवा कायम थरथरणारी.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आल्यावर आम्ही निघालो. पुढं हे, छातीशी बारदान. मागं मी. माझ्यामागं आपा आणि तिच्यामागं अत्ती. ढिगावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जायचा, भुस्सा नाकातोंडात जायचा. मी अत्तींना म्हणाले, "तुम्ही खाली थांबा." त्या म्हणाल्या, "न्हाऊ घातलंय मी. मी काय खाली थांबत न्हाय." आणि चारी हातापायांवर वर आल्या.

वर वारा होता. खाली गाडीतळावरून माणसं बघायला लागली. यांनी बारदान सोडलं आणि आम्ही सगळे मागं सरलो.

ते बसून राहिलं. मान वळवून एकदा आमच्याकडं, एकदा चिमणीकडं बघितलं.  मग त्यानं पंख उघडले. वाऱ्यानं ते जरासं उचललं गेलं, पुन्हा टेकलं. पुन्हा उघडले. दोन उड्या मारल्या आणि ढिगाच्या कडेवरून खाली झोकून दिलं.

ते पडायला लागलं. सरळ गाडीतळाच्या दिशेनं, खाली खाली. बैल बुजले, जू ओढायला लागले, गाडीवान बाजूला पळाले. मोडक्या पंखाकडं ते कलत होतं. "गेलं," हे म्हणाले. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. एका गाडीच्या उसावरून त्याचे पाय घासत गेले. पुढं बॉयलरची भिंत.

आणि तिथं त्याला ती हवा सापडली. पंख मारणं एकदम थांबलं. टोकाची पिसं बोटांसारखी वर वळली आणि कुणीतरी खालून तळहातावर घेतल्यासारखं ते वर जायला लागलं. एक फेरी. कारखान्याच्या पत्र्यांच्या वर. दुसरी फेरी, चिमणीच्या बरोबरीनं. खालून तोच गाडीवान हात वर करून ओरडत होता, "उठलं, उठलं." तिसऱ्या फेरीत ते चिमणीच्याही वर गेलं, पांढरी पाठ उन्हात चमकली, आणि उजव्या पंखातलं ते खिंडार, त्यातून दिसणारं आभाळ, मला इतक्या खालूनही दिसलं.

आपानं मला मिठी मारली. मी अत्तींना मारली. सुनेनं सासूला अशी मिठी मारायची पद्धत आमच्याकडं नव्हती. भुश्शानं भरलेल्या आम्ही तिघी तिथं उभ्या राहून हसत होतो आणि रडतही होतो. हे जरा लांब, पाठमोरे उभे राहून चष्मा पुसत होते. पुसायला बराच वेळ लागला.

नंतर पावसाळ्यापर्यंत मला ते खिंडारवालं गिधाड बऱ्याचदा दिसलं, कधी वडावर, कधी आभाळात घिरट्या घालताना, इतरांपेक्षा किंचित कललेलं. पुढं नवी पिसं आली असतील. त्यानंतर त्याला ओळखायची काही खूण राहिली नाही, आणि मी प्रत्येकालाच तेच समजायला लागले.

आमची बदली झाली, मुलं झाली. पुष्कळ वर्षांनी त्या भागात गेलो तेव्हा वड होता आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. जनावरांना दुखणं थांबवायला द्यायच्या एका औषधानं, ते अंगात असलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली, हे मागाहून वाचलं. आता त्यांना मोठ्या पिंजऱ्यांत वाढवून पुन्हा रानात सोडतात. ती बातमी पेपरात आली की मी ती मोठ्यानं वाचून दाखवते, आणि हे पुन्हा एकदा वाचायला लावतात. पिंजऱ्याचं दार उघडून बाजूला होणारी ती माणसं मी कधी बघितलेली नाहीत, पण त्या क्षणी त्यांच्या पोटात काय होत असेल ते मला ठाऊक आहे.

गिधाड उडालं त्याच आठवड्यात अत्ती गावाला परत गेल्या. मी आणि आपा त्यांना एस.टी.त बसवायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक अनोळखी बाई होती, कानडी बोलणारी, तीही अक्कलकोटकडचीच निघाली. गाडी सुरू व्हायच्या आत अत्तींचं सांगणं सुरू झालं होतं. मी खालून हात हलवत होते, पण त्यांचं लक्षच नव्हतं. गाडी वळली तेव्हा मागच्या खिडकीतून मला दिसलं, त्यांनी पंख दाखवायला दोन्ही हात ताणून पसरले होते, एक हात खिडकीबाहेर आला होता आणि दुसऱ्याखाली ती शेजारची बाई मान वाकवून, तोंड उघडं टाकून ऐकत होती.